टेलावर सहा व्होल्ट

किल्ली डावीकडे वळते. डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या आकाराची पिवळी लाइट लागते आणि थोड्या वेळानं आपली आपण विझते. किल्ली उजवीकडे. सेल्फ खणखणीत फिरतो, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि धुक्यात मिसळून जातो. इंजिन धरत नाही.

“बस करा काकाजी,” मिस्त्री हात वर करतो. “बॅटरी कायले मारून राहिले?”

आमगाव-सालेकसा पट्ट्यातलं गाव, जानेवारीचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेसहा. मोबाइल 9 अंश दाखवतोय. पाणी भरलेल्या बांध्यांमध्ये, कालव्याच्या पाळीवर, त्याहून कमीच असावं. विदर्भात थंडीची लाट आली की सर्वांत खालचा आकडा बहुधा गोंदियाचा येतो, आणि नेमके हेच दिवस उन्हाळी धानाच्या चिखलणीचे. बाघ प्रकल्पाच्या कालव्याला पाणी सुटलं आहे, पऱ्हे उपटायला आले आहेत, आठ-साडेआठला रोवणीच्या बाया धुऱ्यावर येऊन उभ्या राहतील. त्याआधी निदान दोन बांध्या चिखलून तयार हव्यात. काकाजींचं लक्ष ट्रॅक्टरपेक्षा गावाच्या वाटेकडेच जास्त आहे.

ट्रॅक्टर छोटा. वीस-बावीस हॉर्सपॉवर, तीन सिलिंडर, चारही चाकांना ओढ, मागे रोटाव्हेटर. असल्या ट्रॅक्टरांचा घाट मुळात जपानमधल्या भातशेतीसाठी घडला आणि तो इथल्या बांध्यांना बरोबर बसतो. बांध्या लहान, धुरे जवळजवळ. पंचेचाळीस-पन्नास हॉर्सपॉवरचा दोन टनांच्या घरातला ट्रॅक्टर बांधीत वळायलाच निम्मी जागा खातो, आणि चिखलात पोट टेकवून बसला की त्याला ओढायला दुसरा बोलवावा लागतो. हा हलका गडी तिथं सरळ निघून जातो. फक्त सकाळी उठला पाहिजे.

चार दिवसांपासून तो उठत नाही. काकाजींची कैफियत एका दमात येते. दुपारी ऊन लागलं की लगेच चालू होतो. एकदा गरम झाला की दिवसभर कुरकुर नाही. सकाळी मात्र मेला. तालुक्याच्या गावातून एक वायरिंगवाला आणला, त्यानं हीटर प्लग गेले म्हणून सांगितलं. तिन्ही नवे टाकले, फरक नाही. शेजाऱ्याची बॅटरी लावून पाहिली, फरक नाही. आता तो म्हणतो, हीटरचा टायमर गेला, तो नागपूरहून मागवावा लागेल.

“मागवला काय?”

“आज सांगतो म्हटलं त्याले.”

“नोका सांगू.”

मिस्त्री पन्नाशीचा, कानाला मफलर. मोटारसायकलच्या कॅरियरवरून तो पत्र्याची पेटी उतरवतो. पेटीत पाने, पॉलिश पेपर, एक पिवळा मीटर, आणि इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब, ज्याला दोन वायरी सोल्डर केलेल्या आणि एका टोकाला चिमटा. या बल्बवर त्याचा मीटरपेक्षा जास्त विश्वास आहे असं मला पुढे अर्धा तास दिसत राहतं.

पण आधी तो काहीच उघडत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी वाकून वास घेतो.

“धूर पांढरा हाये. म्हंजे डिझेल येऊन राहिलं, जळत नाई. सेल्फ जोरात फिरते, म्हंजे बॅटरीबी ठीक. दुपारी लागते, म्हंजे दाबबी ठीक.” तो बोटं दुमडत जातो. शेवटचं बोट उरतं. “रायली गर्मी.”

एवढ्यात काकाजींचा मुलगा तणसाच्या शेकोटीतून पेटता बोळा घेऊन येतो. रात्रभर शेजारच्या गावी झाडीपट्टीचं नाटक पाहून आलेला, डोळे लाल, पण उत्साह दांडगा. डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी लोखंडी सळईला गुंडाळली आहे. ती एअर क्लीनरच्या तोंडाशी धरायची आणि बापानं सेल्फ मारायचा, असा बेत. मिस्त्री त्याच्या मनगटालाच धरतो.

“बाबू, आत कागदाचा फिल्टर हाये. ते पेटलं तं राख इंजिनात जाईल.”

“आमच्या जुन्या ट्रॅक्टरले असंच करत होतो,” काकाजी म्हणतात. “वीस वर्षं केलं.”

ते खोटं नाही. गावोगावच्या मोठ्या ट्रॅक्टरांत बहुतेकांची रचना अशी की डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्यात फवारलं जातं. हवा दाबली की ती तापते, तापलेल्या हवेत डिझेल पडलं की पेटतं. रुडॉल्फ डिझेलची मूळ कल्पना एवढीच, ठिणगी नकोच. थेट फवारणीच्या इंजिनाला आपल्याकडच्या थंडीत बहुधा वेगळ्या हीटरची गरज पडत नाही. फारच गारठला तर चिंधी. पण या छोट्या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या एका चिमुकल्या कप्प्यात पडतं आणि तिथून भडका सिलिंडरमध्ये येतो. 1909 साली जर्मनीत बेंझ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज या अभियंत्यानं अशा कप्प्याचं पेटंट घेतलं. पुढे छोट्या डिझेल इंजिनांना हा कप्पा मानवला, कारण आवाज कमी आणि चालणं मऊ. त्याची किंमत सकाळी मोजावी लागते. कप्प्याच्या गार भिंती दाबलेल्या हवेची ऊब शोषून घेतात आणि डिझेल न पेटता वाफ होऊन बाहेर पडतं, तोच हा पांढरा धूर. म्हणून प्रत्येक कप्प्यात पेन्सिलीच्या जाडीचा एक हीटर प्लग डोकावतो. बॅटरीचा करंट मिळाला की त्याचं टोक काही सेकंदांत आठ-नऊशे अंशांपर्यंत लाल होतं. पेट्रोलच्या स्पार्क प्लगचा आणि याचा संबंध नाही. हा ठिणगी टाकत नाही, नुसता तापतो.

मुलगा आता दुकानात मिळणाऱ्या स्प्रेची गोष्ट काढतो. एअर क्लीनरमध्ये फवारा मारला की इंजिन झटक्यात लागतं म्हणे. मिस्त्री यावर चिडतोच. प्लग तापलेला असताना तो ईथरचा फवारा आत गेला, तर पिस्टन वर पोचायच्या आतच भडका होतो. रिंगा तुटतात, प्लगचं टोक तुटून पिस्टनवर पडतं. “मंग मले नोको बोलावू. बोरिंगवाल्याले बोलाव.”

पेटता बोळा शेकोटीत परत जातो.

“पन मिस्त्री, हीटरची लाइट तं लागते ना?” काकाजींचा हा खरा प्रश्न आहे आणि चार दिवस तोच त्यांना छळतोय. लाइट लागते, विझते, म्हणजे हीटर तापला. मग अडतंय कुठं?

“लाइट घड्याळाची हाये काकाजी, प्लगची नाई.”

टायमर किल्ली वळल्यापासून ठरावीक सेकंद मोजतो आणि लाइट विझवतो. प्लगला करंट पोचला की नाही, हे त्याला ठाऊकच नसतं. तिन्ही प्लग काढून खिशात ठेवले तरी ती लाइट इमानेइतबारे लागेल आणि विझेल. अशी लाइट बनवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण शेतकऱ्याला तिच्याइतकं कोणी फसवलं नसेल असं मला वाटतं.

मिस्त्री बॉनेट वर करतो. हेडच्या बाजूला तीन प्लगांची डोकी एका पितळी पट्टीनं जोडली आहेत आणि पट्टीच्या एका टोकाला एक जाड वायर येते. प्लगांची दुसरी बाजू म्हणजे इंजिनाचं लोखंडच, अर्थिंग तिथून. मीटर आधी बॅटरीवर: 12.5. ठीक. मग तो पट्टीवरची जाड वायर सोडवतो, हवेत मोकळी धरतो, मीटरची लाल पिन तिला आणि काळी इंजिनाला.

“बाबू, हीटर टाक.”

मीटर दाखवतो 12.4. मुलगा उजळतो. “वायरिंगवाल्यानंबी असंच पायलं होतं. बारा येते म्हने, म्हंजे वायरिंग ठीक, प्लगच गेले.”

“बल्ब पाय.” बल्बही लख्ख पेटतो.

आता मिस्त्री वायर पुन्हा पट्टीवर कसतो, बल्बचा चिमटा पट्टीला लावतो, दुसरं टोक इंजिनाला. “टाक हीटर.”

बल्ब पेटतो तो निखाऱ्यासारखा तांबडा. मीटर: 6.0. त्याच क्षणी बॅटरीवर 12.1.

कोणी काही बोलत नाही. काकाजी बल्बकडे बघतात, मग वायरीकडे, मग पाठीमागच्या कालव्याकडे.

“हे तं आमच्या कालव्याच्या टेलासारखं झालं,” ते म्हणतात. “पाइपात गाळ भरला असला अन् खालचं गेट बंद असलं, तं टेलावरबी पानी वरच्याएवढंच उभं दिसते. गेट खोललं की कळते. धार करंगळीएवढी.”

मिस्त्री मान डोलावतो. याहून सोपं त्यालाही सांगता आलं नसतं. तीन प्लग मिळून पंचवीस-तीस अँपिअर ओढतात. मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही, बल्ब दोन अँपिअरही नाही. वाटेत कुठं अडथळा असेल तर मोठा करंट वाहू लागल्यावरच तो व्होल्टेज खातो. मोकळ्या वायरीवर बारा दिसले याचा अर्थ एवढाच की वायर तुटलेली नाही. ती ओझं वाहू शकते का, हे ओझं टाकूनच बघावं लागतं. आणि प्लगवर निम्मा व्होल्टेज म्हणजे निम्मी उष्णताही नव्हे. हिशेब वर्गाचा असल्यानं ती साधारण चौथाईवर येते. दुपारच्या उन्हात तेवढ्यावर भागतं. 9 अंशांत नाही.

मुलगा मीटरची पिन करंटच्या खाचेत घालायला जातो, “किती अँपिअर जाऊन राहिले ते पाहू.” मिस्त्री पुन्हा त्याचा हात धरतो. मीटर दहा अँपिअरचा; मध्ये घातला तर मीटरच जळेल.

“अँपिअर नोको. व्होल्ट कोठी हरवले ते शोध.”

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात काहीही उघडावं लागत नाही. मीटर वीस व्होल्टवर ठेवायचा आणि त्याच्या दोन पिना एकाच वायरीच्या दोन टोकांना लावायच्या. हीटर चालू. वायर निरोगी असेल तर आकडा शून्याच्या आसपास येतो, कारण दोन्ही टोकांवर दाब सारखाच असतो. जितका आकडा येईल तितके व्होल्ट त्या तुकड्यानं वाटेत खाल्ले. मिस्त्री बॅटरीपासून सुरुवात करतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूजमधून रिलेच्या तोंडापर्यंत: 0.3. चालेल. रिलेच्या आत आणि बाहेर: 0.2. चालेल. हाच तो भाग, टायमरसकट बदलायला निघाले होते तो. रिलेच्या बाहेरपासून पट्टीपर्यंत: 4.9.

“सापडला!” मुलगा ओरडतो.

“थांब. परतीची वाट राहिली.” बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या लोखंडापर्यंत: 0.7. हेही जास्तच. मिस्त्री खडूनं मडगार्डवर आकडे लिहितो आणि बेरीज करतो. 6.1. बॅटरीवर 12.1, पट्टीवर 6.0. हिशेब चुकता.

कालव्यापलीकडून बायांचे आवाज येऊ लागतात. काकाजी घड्याळ बघतात. मिस्त्रीला घाई नाही, किंवा असली तरी दिसत नाही. बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडवतो, मग वायरीचा माग काढत खाली सरकतो. वायर इंजिनाच्या कडेनं, क्लच हाउसिंगजवळून, पाय ठेवायच्या पत्र्याखालून जाते. नेमकं तिथं, पुढच्या चाकानं उडवलेला चिखल जिथं थापला जातो तिथं, काळ्या टेपचा एक गोळा. वाळलेला चिखल खरवडल्यावर टेप दिसतो, आणि टेप वितळून चिकट झालेला आहे. जायची तिथं न जाता हीटरची ऊब या गोळ्यात जिरत होती.

टेप सोलल्यावर आत दोन गुन्हे निघतात. मूळ वायर चांगली जाड, पण कधीतरी उंदरानं कुरतडली म्हणून कोणीतरी मध्ये वीतभर तुकडा घातलेला: घरच्या फिटिंगची दीड स्क्वेअर एमएमची वायर. आणि जोड नुसता पिळलेला, सोल्डर नाही. धानाच्या बांधीतलं पाणी, खत आणि चिखल दोन हंगाम त्यात मुरले. तांब्याच्या तारा हिरव्यागार, कळंक चढलेल्या. मिस्त्री नखानं दाबतो तर निम्म्या तारा पीठ होऊन गळतात.

“हे कोनी केलं?” मिस्त्री विचारतो.

काकाजी मुलाकडे बघत नाहीत. मुलगा कालव्याकडे बघतो. विषय तिथंच राहतो.

नवी वायर कुठून आणायची? मिस्त्रीच्या पेटीत आहे ती कमी पडते. काकाजी घराकडे निघतात आणि बोअरच्या सबमर्सिबलची उरलेली चपटी केबल घेऊन येतात, चार स्क्वेअर, तांब्याची, तीन कोअर. मिस्त्री त्यातला एक कोअर सोलून काढतो, लांबी मोजतो, रिलेपासून पट्टीपर्यंत एकसंध, मध्ये जोड नाही. दोन्ही टोकांना थिंबल दाबून वर सोल्डर, त्यावर स्लीव्ह. वायर खालून न नेता वरून, चाकाच्या चिखलापासून दूर बांधतो. मग अर्थिंगची पट्टी: इंजिनाला जिथं बोल्ट बसतो तिथं रंग मारलेला. कारखान्याचा की नंतर कोणी चकचकीत करण्यासाठी मारला, सांगता येत नाही. पॉलिश पेपरनं लोखंड पांढरं होईपर्यंत घासणं, बोल्ट कसणं, वरून ग्रीसचा हात. बॅटरीच्या शिंगांवरची पांढरी पूड गरम पाण्यानं धुणं.

बाया आल्या आहेत. सात-आठ जणी, पदर खोचलेले, धुऱ्यावर उकिडव्या बसून शेकोटीशी हात शेकतायत. त्यांच्यात माघ पौर्णिमेच्या कचारगडच्या जत्रेच्या गोष्टी चालू आहेत, कोण कोण जाणार, गाडी कुठून मिळेल. मध्येच एक जण हाक मारते, “काकाजी, रोवनी आज की उद्या? आमची हजेरी तं आजपासूनच लागली.” हशा.

मिस्त्री अजून एक गोष्ट करतो, जिची काकाजींना मुळीच गरज वाटत नाही. पट्टी काढतो आणि तिन्ही नवे प्लग एकेक तपासतो. मीटर ओहमवर. आधी दोन पिना एकमेकींना टेकवतो: 0.3, ही मीटरच्याच वायरींची अडचण, ती वजा करायची. प्लगांचे आकडे 1.3, 1.4, 1.3. वजाबाकी करून एक-सव्वा ओहमच्या आत. ठीक. मग विचारतो, “जुने कोठी हायेत?”

जुने ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत. पहिला: 1.2. चांगला. दुसरा: मीटरच्या डावीकडे नुसता 1 उभा राहतो, म्हणजे वाटच नाही, आतली तार तुटली. तिसरा: 1.3. चांगला.

म्हणजे वायरिंगवाला अगदीच खोटा नव्हता. तिनातला एक खरंच गेला होता. एकच गेला असता तर ट्रॅक्टर दोन सिलिंडरवर खोकत, धूर सोडत, थरथरत का होईना लागला असता. वायरीनं तिन्ही मारले आणि गेलेला एक त्यात लपला. काकाजी दोन चांगल्या प्लगांकडे बघतात, बहुधा रुपयांत. मिस्त्री ते कागदात गुंडाळून परत पिशवीत ठेवतो आणि गेलेला कालव्यात फेकायला निघालेल्या मुलाला थांबवतो. “भंगारात टाक. पान्यात नोको.”

निगेटिव्ह पुन्हा कसलं. काकाजी सीटवर चढतात. मीटर पट्टीवर.

“हीटर.”

11.3. मिस्त्री दहापर्यंत मोठ्यानं मोजतो, लाइट विझली तरी मोजत राहतो.

“मारा सेल्फ.”

दुसऱ्या फेऱ्यालाच इंजिन धरतं. पांढरा धूर एक भपका येतो, मग निळसर, मग दिसेनासा. बाया उठतात. काकाजी मिस्त्रीकडे न बघताच गिअर टाकतात आणि ट्रॅक्टर धुऱ्यावरून बांधीत उतरतो. रोटाव्हेटर पाण्याला लागला की चिखलाचं पाणी दोन्ही बाजूंनी उसळतं. आठ वाजून वीस मिनिटं.

पैशाची बोलणी मुलाशी होतात. मिस्त्री त्याला मडगार्डवरचे आकडे दाखवायचे म्हणतो, पण मडगार्ड बांधीत फिरतंय, म्हणून वहीच्या पानावर पुन्हा लिहून देतो: बॅटरी, रिले, पट्टी, अर्थिंग. हीटर चालू करून. वायर जोडलेली ठेवून. शेवटच्या दोन गोष्टींखाली रेघ. आजची परीक्षा खरी नाही, असंही बजावतो. एवढा वेळ सेल्फ मारून इंजिन थोडं कोमट झालंच होतं, ऊनही आलं. उद्या साडेसहाला, धुक्यात, लागला तर खरा.

“अन् नाई लागला तं?”

“तं मीटर लावून आकडा सांग. नुसतं ‘लागत नाई’ नोको सांगू.”

तो पेटी कॅरियरवर बांधत असताना बायांमधली वयस्कर एक जण बांधीत उतरता उतरता थांबते. “मिस्त्रीभाऊ, आमच्या घरच्या पंपाले पाहा ना जरा. तेथंबी लाइट लागते अन् मोटर उठत नाई.”

“तो 230 चा करंट हाये मावशी,” मिस्त्री किक मारत म्हणतो. “मी बारा व्होल्टचा मानूस.”